नकाशा कन्ना चौकात का संपतो?

प्रति,
संपादक मंडळ,
आपल्या शहराचा नियोजित स्मरणग्रंथ,
सोलापूर

स. न. वि. वि.

आपलं पत्रक मिळालं. साठीच्या आसपासच्या सोलापूरकरांनी आपापल्या पेठेच्या, गल्लीच्या, शाळेच्या आठवणी लिहून पाठवाव्यात, त्यांचा ग्रंथ काढायचा आहे, हे वाचून बरं वाटलं. पत्रकासोबत पानांची यादी होती, कच्चा नकाशा होता आणि माझ्यापुरती एक वेगळी चिठ्ठी होती. ‘ताई, आपल्यासाठी एक चौकट राखून ठेवली आहे. मथळा: पूर्व भागाचे रंग. शब्दमर्यादा ३००. चादर, मार्कंडेय रथोत्सव, तेलुगू पदार्थ असं काहीतरी रंगीत येऊ द्या.’

यादी मी दोनदा वाचली. रेल्वे लाईन्सला बारा पानं. नवी पेठेला आठ. बाळीवेस आणि कसब्याला मिळून दहा. डॉ. कोटणीसांचं भैया चौकातलं घर, इंद्रभुवन, किल्ला, कंबर तलाव यांना प्रत्येकी दोन, आणि ती द्यायलाच हवीत. पूर्व भागाला, म्हणजे आमच्या विणकर वस्तीला, चौकट. मग नकाशा उघडला. पश्चिमेकडून स्टेशन, मग पार्क चौकातले चार हुतात्म्यांचे पुतळे, सिद्धेश्वर तलाव, मधला मारुती, कोंतम चौक असं सगळं नीट, नावानिशी काढत चित्रकार कन्ना चौकापर्यंत आलाय. तिथे त्याने एक बाण काढलाय आणि पुढचा कागद कोरा ठेवलाय.

मी त्या कोऱ्या कागदावर जन्मले. १९६८ साली.

म्हणून ३०० शब्द पाठवत नाही, हे उघड पत्र पाठवते. रागावून लिहितेय असं समजू नका. थोडं समजलात तरी चालेल.

तुमच्या पत्रकात एक वाक्य आहे: ‘त्या शांत, निवांत सोलापुरात पुन्हा एकदा फेरफटका मारू या.’ माझं अडलं ते याच वाक्यापाशी. शांत? कुठलं?

आमच्या गल्लीत आठ कारखाने होते. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, सोलापुरात आम्ही कारखाना म्हणतो ते धुराड्याची गिरणी नव्हे. पत्र्याच्या शेडमध्ये चार-सहा यंत्रमाग, शेजारी मालकाचं घर, मागच्या खोलीत कामगाराचं घर, असा तो कारखाना. धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारं लाकूड, या टोकाहून त्या टोकाला जायचा आणि दर वेळी काठीने दणका बसायचा. एका मागाचे मिनिटाला शंभरावर दणके, असे सहा माग, अशा आठ शेडा. सकाळी सुरू झालं की रात्री पाळी संपेपर्यंत. भिंतीला पाठ टेकून बसलं की तो आवाज पाठीतून यायचा. आम्ही अभ्यास केला तो त्या आवाजात, जेवलो त्या आवाजात, तान्ही भावंडं पाळण्यात झोपली तीही त्याच आवाजात.

आमच्या घरात त्याला ‘सप्पुडु’ म्हणत. तेलंगणातून पोटासाठी आलेल्या विणकरांच्या चार पिढ्यांनी हा शब्द सोबत आणलाय. आणि गंमत अशी की सप्पुडुला कोणी कधी शिव्या घातलेल्या मला आठवत नाहीत. शिव्या बसायच्या त्या शांततेला. भर दुपारी एकदम आवाज थांबला की अम्मा हातातलं सूप खाली ठेवून दाराकडे बघायची, ‘सप्पुडु आगिंदि’ म्हणायची. आवाज थांबला. म्हणजे वीज गेली, नाहीतर सूत संपलं, नाहीतर संप, नाहीतर कोणाचा हात अडकला, नाहीतर गल्लीत कोणी गेलं. बापू, म्हणजे माझा बाप, बाहेर येऊन पायरीवर बसायचा. त्याला विणलेल्या कापडाच्या मीटरवर पैसे मिळायचे. पायरीवर बसलेल्या तासाचे मिळत नसत. तुमच्याकडे निवांतपणा म्हणतात त्याला आमच्याकडे हा अर्थ होता.

चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत मी आले आणि पाचवीला मला ‘गावातल्या’ शाळेत घातलं. शाळेचं नाव घेत नाही. रोज दप्तर पाठीला लावून मी कन्ना चौक, कोंतम चौक, मधला मारुती अशी चालत जायची. हा रस्ता मला अजून कानाने पाठ आहे. कन्ना चौकापर्यंत मागांचा दणदणाट. कोंतम चौकाच्या अलीकडे तो पातळ व्हायला लागायचा, मधूनच एखादी शेड. मधल्या मारुतीपाशी घंटा, टांग्याचे टाप, फुलवाले, चाटी गल्लीतल्या कापडदुकानांतून ‘या ताई, बघा तर’. आणि त्यापुढे शाळेच्या गल्लीत झाडं आणि झाडांवरची पाखरं. पाखरांचा आवाज इतका मोठा असतो हे मला दहाव्या वर्षी कळलं.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला उभं करून कविता म्हणायला लावली. मी म्हटली. वर्ग हसायला लागला. मला वाटलं काही चुकलं. बाई म्हणाल्या, ‘अगं, किती ओरडतेस! इथे काय माग चालू आहेत?’ आणि मग शेजारच्या बाईंना, हसतच, ‘पूर्व भाग.’

वाईट हेतूने म्हणाल्या नसतील. पण तो दिवस मला नीट आठवतो, कारण आपण मोठ्याने बोलतो हे मला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं. आमच्याकडे सगळेच तसं बोलतात. मागांमध्ये उभं राहून बोलायचं तर एकतर ओरडावं लागतं, नाहीतर ओठ वाचावे लागतात. बापू दोन मागांच्या पलीकडून ओठांवरून कळायचा, ‘चहा आण’. त्या दिवसापासून मी वर्गात हळू बोलायला शिकले आणि घरी जाऊन हळू बोलले की अम्मा विचारायची, ‘काय गं, ताप आलाय का?’

सहावीत एका मैत्रिणीने वाढदिवसाला घरी बोलावलं. रेल्वे लाईन्सला. वडील डॉक्टर. सिटी बसने मी पहिल्यांदा एकटी गेले आणि वेळेचा अंदाज न आल्याने चारऐवजी दोनला पोचले. फाटक, फाटकापासून दारापर्यंत जायला आठ-दहा पावलं, कुंड्या. मैत्रिणीने ओठांवर बोट ठेवून दार उघडलं. ‘आई झोपलीय.’

मला वाटलं, आजारी आहे. मी विचारलंही. ती म्हणाली, ‘नाही, रोजचीच झोपते.’ तोवर मी एकही मोठी बाई दिवसाउजेडी झोपलेली पाहिली नव्हती. बाळंतीण सोडून. त्या घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मी तिच्या पलंगावर अवघडून बसले आणि खाली पाहिलं तर चादर आपली. म्हणजे आमच्याकडची. जकार्डची, मोरांची नक्षी, काठावर कारखान्याचं नाव विणलेलं. सवयीने मी तिचं टोक उलटवून मागची बाजू पाहिली. बापू घरी नवीन तुकडा आला की आधी मागची बाजूच बघायचा, एखादी दशी सुटलीय का, ताण्याचा दोरा तुटून सांधलाय का. तेवढ्यात मैत्रिणीची आई उठून दारात आली. मी चादर उलटवून बघतेय हे पाहून तिचा चेहरा पडला. ‘स्वच्छ आहे हो, कालच धुतलीय,’ ती म्हणाली.

मी काय सांगणार? ‘काकू, मी धुतलीय का ते बघत नव्हते, कोणाच्या हातची आहे ते बघत होते’, हे वाक्य मला सुचलं ते पंचवीस वर्षांनी. त्या दिवशी फक्त हळू आवाजात ‘सॉरी’ म्हटलं. काकू फार चांगल्या होत्या. जाताना मला डबा भरून दिला. पण त्यांनाही वाटलंच असणार की ही मुलगी घर तपासायला आलीय, आणि मला वाटत होतं, आमच्या घरातली वस्तू इथे झोपायला आलीय.

आता अम्माच्या दुपारचं सांगते, म्हणजे ती का झोपत नव्हती ते कळेल. ती विडी कामगार. सोलापुरात विड्या वळणाऱ्या हजारो बायका, त्यात बहुतेक आमच्या पूर्व भागातल्या. रात्री तेंदूची पानं भिजवायची, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. पहाटे फर्मा, म्हणजे मापाचा साचा, ठेवून कात्रीने एकसारखी कापायची. मग मांडीवर सूप. सुपात एका बाजूला पानं, एका बाजूला तंबाखू. पान डाव्या तळहातावर, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, नखाने तोंड मोडायचं, दोऱ्याचे दोन फेरे. हे सगळं होताना ती बोलत असायची, भाजी शिजलीय का ते विचारायची, मला पाढे म्हणायला लावायची. हात बघावे लागत नसत. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्टे म्हणजे हजार. पंचविसाचा पाढा मला शाळेच्या आधी येत होता.

दुसऱ्या दिवशी माल घेऊन विडी कारखान्याच्या ब्रँचला जायचं. सुट्टीत मी सोबत जायची. बायकांची रांग, आणि टेबलामागे चेकर. तो कट्टा हातात घ्यायचा, दाबायचा, एखादी विडी मोडून बघायचा. आवडलं नाही की बाजूला टाकायचा. याला म्हणायचं छाट. छाटीचे पैसे नाहीत आणि छाट परतही नाही. पान कोरडं म्हणून छाट, तोंड सैल म्हणून छाट, पावसाळ्यात नरम म्हणून छाट. कधीकधी, चेकरचं घरी भांडण झालं म्हणूनही छाट. हे अम्माचं निदान होतं आणि बायकांच्या रांगेत त्याला कोणी हरकत घेतली नाही. एकदा त्याने तिचे तीन कट्टे बाजूला टाकले. ती काही बोलली नाही. परत येताना कन्ना चौकात उसाचा रस घेऊन द्यायचं कबूल केलं होतं. ती गाड्यासमोरून चालत राहिली आणि मीही आठवण केली नाही. तीन कट्टे म्हणजे पंच्याहत्तर विड्या. मी चालताना मनातल्या मनात मोजत होते.

तरी विडी कामगारांच्या मुलांना सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. तिच्या कार्डावर माझं हायस्कूल झालं. तिच्या नखाच्या जोरावर म्हणा.

तुमच्या चिठ्ठीत ‘रंग’ मागितलेत. रंग होते, खोटं कशाला बोलू. आमच्या गटारींना रोज वेगळा रंग असायचा. वरच्या अंगाला डाईंगवाले होते, ते सूत रंगवून पाणी सोडून द्यायचे. सोमवारी मेंदी, मंगळवारी गुलाबी, कधी जांभळट काळं. आम्ही मुलं गटारीत बघून पैजा लावायचो, पुढच्या आठवड्यात मागावर कुठल्या रंगाचे टॉवेल चढणार. होळीला कोणी पैसे देऊन रंग आणत नसे. हे चौकटीत चालेल का, सांगा.

आता एक गोष्ट आमच्याच अंगावर घेते, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. पूर्व भागातही पायऱ्या होत्याच. मिलवाला आणि कारखान्यातला यांच्यात मोठा फरक. जुनी मिल १८७७ ची, नंतर लक्ष्मी, विष्णू, जाम, नरसिंग गिरजी. मिलमध्ये ज्याचं नाव लागलं त्याला भोंगा होता, हजेरी होती, रजा होती. लग्नाच्या बैठकीत ‘मुलगा मिलमध्ये आहे’ म्हटलं की चहात साखर जास्त पडायची. पुढे एकेक करून मिला बंद पडल्या तेव्हा तेच लोक आमच्या शेडांमध्ये मीटरवर काम मागायला आले. त्यांच्याकडे बघताना काहींच्या चेहऱ्यावर सूक्ष्म समाधान होतं, मी पाहिलंय. त्यात बापूही होता.

आणि आम्हा सगळ्यांच्या खालची पायरी म्हणजे सेटलमेंट. १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना इंग्रजांनी तारेच्या कुंपणात कोंडलं, तशी एक मोठी वसाहत सोलापुरात होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कागदावरून पुसला, तिथली माणसं आजही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. माझ्या लहानपणी तार नव्हती. तरी अम्मा बजावायची, ‘तिकडून येऊ नकोस, लांबून ये.’ माझ्या वर्गात तिथली एक मुलगी होती. धावण्यात पहिली यायची. तिच्याबरोबर मी डबा खाल्ला, पण तिला घरी कधी बोलावलं नाही. शाळेत बाई मला ‘पूर्व भाग’ म्हणाल्या ते मला पन्नास वर्षं लक्षात आहे. तिला आम्ही काय म्हणायचो, ते तिच्या लक्षात असेल. तुमच्या यादीत सेटलमेंटला चौकटसुद्धा नाही. माझी चौकट तिला दिलीत तर मला आनंद होईल, पण तिला ३०० शब्द म्हणू नका.

वर्षातून एकदा सगळे एकत्र यायचे, हे मी मान्य करते. गड्डा यात्रेत, संक्रांतीला. सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, बाराबंदी घातलेली माणसं, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, होम मैदानावर पाळणे. त्या गर्दीत डॉक्टरांची मुलगी आणि मी एकाच पाळण्यात बसलो होतो. वरून तिने मला तिचं घर दाखवायचा प्रयत्न केला आणि मी तिला आमचं. दोन्ही दिसली नाहीत. यात्रेवर तुमच्याकडे सोळा पानं आहेतच, तेव्हा मी लांबवत नाही.

पाण्याचंही लांबवत नाही. त्यावर अख्खं सोलापूर एकमताने लिहील.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्याला तुम्ही जुनं शांत सोलापूर म्हणता, ते आमच्या आवाजापासून काही अंतरावर होतं म्हणून शांत होतं. ते अंतर कोणी वाईट मनाने मोजलं नव्हतं, पण होतं, आणि दहा वर्षांच्या पोरीला ते कानाने कळत होतं. त्या दुपारच्या झोपेच्या पलंगावरची चादर, अंगणात बसून ओढलेली विडी, न्हाणीघरातला टॉवेल हे सगळं कोऱ्या कागदावरून येत होतं. आठवणी सांगायला बसायचं तर फावला वेळ लागतो, हेही खरंच. माझ्या पिढीतल्या तुमच्याकडच्या बायकांना आईच्या कुशीत झोपून ऐकलेल्या गोष्टी आठवतात. आम्हाला पाढे आठवतात. त्यामुळे ‘पूर्व भागातून मजकूरच येत नाही हो’ असं तुमच्यापैकी कोणी म्हणालं, तर मला नवल वाटणार नाही. पण तो कोणी चिठ्ठी पाठवून मागायचा नसतो. जाऊन बसायचं असतं, सूप मांडीवर असलेल्या बाईशेजारी. तिचे हात चालू राहतील. ती बोलेल.

आता चित्रकाराला सूचना. कन्ना चौकातला तो बाण खोडा. पुढे साखर पेठ, अशोक चौक, भद्रावती पेठ, दत्तनगर, पद्मानगर, कुचन नगर अशी नावं येऊ द्या, आणि बाहेर अक्कलकोट रोडची एमआयडीसी. तिथून आणखी पुढे कुंभारीच्या माळावर विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे, २००६ मधली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. शेजारी रे नगर, जिथली पहिली पंधरा हजार घरं २०२४ च्या जानेवारीत दिली गेली. कागद कमी पडला तर जोडून घ्या. रेल्वे लाईन्स थोडी बारीक काढली तरी ओळखू येईल.

अम्मालाही कुंभारीला घर मिळालं होतं. स्वतःच्या नावाचं, पहिलंच. पहिल्या रात्री तिला झोप लागली नाही. उठून बसली आणि मला म्हणाली, ‘सप्पुडु नाही.’ चारेक महिने गेले मग सवय व्हायला. बापू ते घर बघायला नव्हता. आता आमच्या जुन्या गल्लीत आठांपैकी दोनच शेडा चालू आहेत. एका शेडीचं गोडाऊन झालंय, बाकीच्यांना कुलपं आहेत. तुम्हाला हवी ती शांतता तिथे आता भरपूर मिळेल. फोटो काढायला जायचं तर मी सोबत येईन.

तीन वर्षांपासून अम्मा माझ्याकडे असते, जुळे सोलापुरात, तिसऱ्या मजल्यावर. फोनवर अजून मागांच्या पलीकडून बोलल्यासारखी बोलते. खालच्या मजल्यावरच्यांनी एकदा सोसायटीत तक्रार केली, मी त्यांना चहाला बोलावलं, प्रकरण मिटलं. तिला मराठी वाचता येत नाही, पण बोलते फर्डं. छाटीबद्दल विचारलंत तर दोन तास थांबावं लागेल, तेवढी तयारी ठेवून या. टेपरेकॉर्डर नको, फोनवर रेकॉर्ड होतं.

फक्त दुपारी दोन ते चार सोडून या. आता ती दुपारची झोपते.

आपली,
पूर्व भागातली एक सोलापूरकर